वाशिष्ठीची बेरीज कोण करणार?

पोस्ट मोठी आहे. पण जुलैत रात्री पावसाचा जोर वाढला की टॉर्च घेऊन नदी बघायला बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चिपळूणकराने वाचावी.

२२ जुलै २०२१ च्या महापुराचा विषय निघाला की आपल्याकडे एकच वाद होतो. कुणी म्हणतं कोळकेवाडीतून पाणी सोडलं, कुणी म्हणतं नदीत गाळ होता, कुणी भरतीला दोष देतं, तर कुणी म्हणतं पाऊसच तेवढा पडला. वीस वर्षं बातम्या लिहितोय, मीही या वादात भरपूर भांडलोय. आता वाटतं, एकच गुन्हेगार शोधण्यात आपण मूळ गोष्ट विसरतोय. जरा मागे जाऊन बघू.

एके काळी गोवळकोटला गलबतं लागायची. तिथे उतरलेला माल कुंभार्ली घाटाने देशावर जायचा. चिपळूणची पेठ उभी राहिली ती या खाडीच्या जोरावर. म्हणजे नदी खोल होती आणि नदीकाठची सखल जमीन पावसाळ्यात पाणी पोटात घ्यायची. पूर तेव्हाही यायचे, पण पाण्याला पसरायला जागा होती.

मग कोयना आली. १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला आलं आणि वीज तयार झाल्यावर वाशिष्ठीत मिसळलं. पुढे कोळकेवाडी झालं, १९९९ च्या लेक टॅपिंगनंतर चौथा टप्पा झाला. आज या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याचा वार्षिक कोटा ६७.५ टीएमसी. हे पाणी मूळचं या नदीचं नाही. ते वाईट असं मी म्हणत नाही. त्याच्यामुळेच वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते. पण नदीवर एक भार वाढला, हे खरं.

त्यानंतर लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आली. तिचं सांडपाणी जातं खाली दाभोळ खाडीकडे. खाडीतले मच्छीमार मासळी मेल्याच्या तक्रारी घेऊन वर्षानुवर्षं फिरतायत. मग कोकण रेल्वे, तिचे भराव. मग महामार्गाचं चौपदरीकरण, त्याचे भराव आणि डोंगरकटाई. वर सह्याद्रीत खासगी रानांतली लाकूडतोड चालूच. आणि शहरात आपण स्वतः! ज्या शेतात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असायचं तिथे डंपरने माती ओतून प्लॉट पाडले, पऱ्ह्ये बुजवले, इमारती उभ्या केल्या. त्यातल्याच एका इमारतीत मी राहतो.

या प्रत्येक कामाचा कागद वेगळा, खातं वेगळं, मंजुरी वेगळी. कोयनेचे पहिले टप्पे झाले तेव्हा पर्यावरण मंजुरीचा कायदाच नव्हता. तो आला १९९४ साली. रेल्वेमार्गाला ही मंजुरी आजही लागत नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार इमारतीला ती लागते, पण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर. आपल्यासारख्या गावात बहुतेक बांधकामं त्याच्या आतली. म्हणजे शंभर इमारतींनी मिळून पुराची जागा खाल्ली, तरी त्यातल्या एकीलाही कुणी विचारणार नाही.

याच अधिसूचनेच्या अर्जात एक प्रश्न आहे: शेजारच्या चालू किंवा नियोजित प्रकल्पांसोबत मिळून एकत्रित परिणाम होतील का? प्रश्न अगदी बरोबर आहे. पण उत्तर कोण लिहितो? ज्याला प्रकल्प करायचाय तोच! काही वर्षांपूर्वी एका जनसुनावणीला बातमीसाठी गेलो होतो. एक म्हातारे मच्छीमार उठून म्हणाले, "साहेब, तुमचं एकट्याचं पाणी थोडंच असेल, पण आधीच्यांचं मिळवून किती होतं ते सांगा." उत्तर आलं, "आजची सुनावणी फक्त याच प्रकल्पाची आहे." आजोबा खाली बसले. मी बातमीत त्यांचं एक वाक्य घेतलं, तेही जागेअभावी कापलं गेलं.

ही बेरीज करा, असं सरकारला कुणी सांगितलंच नाही, असंही नाही. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात रत्नागिरी-सिंधुदुर्गसाठी नेमकं हेच सांगितलं होतं: आधी सगळ्या प्रकल्पांच्या एकत्रित परिणामांचा अभ्यास करा, तोवर नव्या प्रदूषणकारी उद्योगांना आणि खाणींना थांबवा. २०१० पासून तशी तात्पुरती बंदी होतीही. पुढे ती उठली. आपल्याकडे चर्चा काय झाली? तर "गाडगीळ अहवाल आला तर घराला चिरासुद्धा काढता येणार नाही." खरं सांगतो, आम्ही पत्रकारांनीही मूळ अहवाल न वाचता तेच छापलं.

कागदावर कुणी बेरीज केली नाही. ती पाण्याने केली. एकदा २००५ ला, मग २०२१ ला. १८६४ साली सुरू झालेल्या आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं दोन्ही वेळा भिजली. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी दोन्ही वेळा शून्यातून सुरुवात केली. मग लोक उपोषणाला बसले, तेव्हा कुठे नदीतला गाळ निघाला. ते बरंच झालं. पण वरून माती येतच राहिली आणि काठावर भराव पडतच राहिले, तर गाळ काढायचा तरी किती वेळा?

आता करायचं काय? नगररचना कायद्यात, म्हणजे १९६६ च्या एमआरटीपी कायद्यात, विकास आराखड्यात काय असावं याची यादी आहे. त्यात पूरनियंत्रणाचे आणि नदीचं प्रदूषण रोखण्याचे प्रस्तावही आहेत. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. आपण काय करतो? स्वतःच्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का, तेवढं बघतो. यापुढे सगळ्यांनी मिळून तीन प्रश्न लेखी विचारू या. गेल्या वीस वर्षांत पूररेषेच्या आत किती भराव झाला? जुन्या नकाशातले किती नाले आज जागेवर आहेत? आणि नव्या बांधकामांमुळे पुराची पातळी किती वाढेल, याचा हिशोब एकत्र मांडलाय का?

हिशोब मांडला तर कदाचित माझ्या इमारतीचंही नाव त्यात येईल. येऊ दे.

तोवर एक काम करा. तुमच्या भिंतीवरच्या २००५ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणांचे फोटो आणि तुमच्या वाडीतल्या बुजवलेल्या पऱ्ह्याचं नाव खाली कमेंटमध्ये टाका. खेर्डी, पेठमाप, मुरादपूर, गोवळकोट, सगळीकडचं चालेल. यादी मी करतो. सुरुवात तरी आपणच करू.