झाडीपट्टीची रात्र

गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाचा मुलूख १९९९ साली गोंदिया जिल्हा निर्माण होईपर्यंत भंडारा जिल्ह्याच्या अमलाखाली होता. तेथील रहिवाशास पुराणवस्तू पाहावयाच्या तर १८६३ साली स्थापन झालेला नागपूरचा अजबबंगला गाठावा लागे, परंतु रात्रीच्या करमणुकीसाठी या मुलखाने, म्हणजे पूर्व विदर्भातील झाडीपट्टीने, कोणत्याही शहराचा उंबरठा झिजविला नाही. धानाची मळणी आटोपून हाती चार पैसे खुळखुळू लागले, की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरे, सोयरेधायरे मुक्कामाला येत, दिवसा शंकरपटात बैलजोड्या धावत आणि रात्री, दंडार या लोकनाट्याच्या परंपरेतून पुढे आलेली नाटके पहाटेपर्यंत रंगत. मोकळ्या शेतात जमीन खोदून उतरते प्रेक्षागृह करावे, निघालेल्या मातीचा रंगमंच रचावा, विंगेत प्रॉम्प्टर आणि पुढ्यात ऑर्गन-तबला असावा, एवढ्या सरंजामावर ही रंगभूमी उभी राहते. तिला नागर समीक्षेने दीर्घकाळ उपेक्षिले, हा माझ्या मते मोठाच अन्याय होय. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मनाईने शंकरपट थांबले, ते २०२१च्या अखेरीस पुन्हा परवानगी मिळेपर्यंत. नाटक मात्र तिकीट लावून चालूच राहिले. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे आजही नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत, आणि २०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांस पद्मश्री जाहीर झाली.