मुलांच्या हातीं दिलेलें संग्रहालय

संग्रहालय म्हटलें कीं कांचेचीं कपाटें, क्लिष्ट नांवांच्या चिठ्ठ्या आणि ‘हात लावूं नये’ ही पाटी, एवढेंच एकोणिसाव्या शतकांतील मुलांच्या वांट्याला येई. वडील माणसांचें बोट धरून पाहावें आणि मुकाट्यानें परत फिरावें! हा प्रघात मोडण्याचा मान न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागाकडे जातो. तेथील कला व शास्त्र यांस वाहिलेल्या एका संस्थेनें १६ डिसेंबर १८९९ रोजीं बेडफर्ड पार्क या उद्यानांतील एका जुन्या हवेलींत केवळ मुलांसाठीं संग्रहालय उघडलें. जगांतील हें अशा प्रकारचें पहिलेंच. प्रवेशास मूल्य नव्हतें. त्यामुळें गरिबाच्या मुलासही तें आपलें वाटे.

या कल्पनेस खरें रूप दिलें तें ॲना बिलिंग्ज गॅलप या निसर्गशास्त्राच्या अध्यापिकेनें. १९०२ सालीं त्या येथें साहाय्यक म्हणून आल्या आणि पुढें प्रमुख होऊन १९३७ पर्यंत राहिल्या. संग्रहालय वस्तूंसाठीं नसून मुलांसाठीं आहे, हा त्यांचा आग्रह. मुलांनीं दगड हातांत घेऊन पारखावे, उद्यानांतील किडे व पानें गोळा करून ओळखावीं, शंका आली कीं तेथल्याच ग्रंथालयांत उत्तर शोधावें, असा क्रम असे. थोराड मुलांनीं तर तेथें बिनतारी संदेशाचें यंत्रही उभारलें. पुस्तकाप्रमाणें वस्तूही उसन्या मिळत.

हाताळलेली वस्तु झिजते, प्रसंगीं फुटते, हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु कुलपांत सुरक्षित राहिलेल्या शिंपल्यानें एकाही मुलाचें कुतूहल जागें केलें नाहीं, तर तो जपला कशासाठीं? ब्रुकलिनकरांनीं झीज पत्करली. बोस्टननें १९१३ मध्यें आणि इंडियानापोलिसनें १९२५ मध्यें हाच मार्ग धरला.

खरी कसोटी लागली ती १९६७ च्या सुमारास. जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. संग्रहालय बंद पडलें असतें तर कोणास नवल वाटलें नसतें. पण १९६८ मध्यें जवळच, मोटारविक्रीच्या एका जुन्या दालनांत तें तात्पुरतें सुरू झालें. १९७७ मध्यें तें मूळच्या उद्यानांत परतलें. नवी वास्तु बरीचशी जमिनीखालीं होती आणि आंतल्या बोगद्यांतून वाहतें पाणी मुलांना स्वतः अडवितां व सोडतां येई. आज तेथें सामान्यतः तिकीट पडतें. मात्र पाटी उलटी फिरविण्याचा मूळचा धडा कायम आहे. मुलावर विश्वास टाकला, तर तें वस्तूसही जपावयास शिकतें.