नाळेतील रक्त : उपचार कुठे संपतो, प्रयोग कुठे सुरू होतो

ऑक्टोबर 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी पाच वर्षांच्या एका अमेरिकी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. मुलाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया होता. त्याची अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करेनाशी झाली होती. बहिणीच्या पेशी त्याच्या मज्जेत रुजल्या आणि मुलगा वाचला. तोवर वारेबरोबर फेकून दिले जाणारे हे रक्त त्यानंतर जपून ठेवण्याची वस्तू झाले.

या यशाचा अर्थ नेमका लावला पाहिजे. नाळरक्तातील मूलपेशी रक्त घडवणाऱ्या असतात. आधी औषधांनी वा किरणांनी रुग्णाची जुनी मज्जा नष्ट करतात, मग या पेशी तिची जागा घेतात. म्हणून रक्ताचे कर्करोग, थॅलेसेमिया, जन्मजात प्रतिकारशक्तिदोष यांत हा उपचार प्रस्थापित आहे. या पेशी प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने अननुभवी असल्यामुळे ऊतिजुळणी थोडी कमी असली तरी निभावते, हा त्यांचा मोठा गुण. उणीव संख्येची. रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी पेशी लागतात. लहान मुलाला एक पिशवी पुरते, मोठ्या माणसाला बहुधा नाही. शिवाय त्या रुजायला वेळ घेतात आणि त्या आठवड्यांत साधा संसर्गही जिवावर बेततो. प्रयोगशाळेत पेशी वाढवून देण्याच्या प्रयत्नांना 2023 मध्ये अमेरिकेत ओमिसर्ज या उत्पादनाच्या मान्यतेने फळ आले.

खरा कस लागतो तो मेंदूच्या आजारांत. क्रॅबे रोगात एका विकराच्या अभावी मज्जातंतूंवरचे आवरण झिजत जाते. ड्यूक विद्यापीठातील डॉ. जोअ‍ॅन कर्ट्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष मला या साऱ्या विषयात सर्वांत बोलके वाटतात. लक्षणे दिसण्यापूर्वीच प्रत्यारोपण झालेली अकराही नवजात बाळे त्या अहवालापर्यंत जिवंत होती. लक्षणे दिसू लागल्यावर उपचार झालेल्या 14 पैकी केवळ 6 वाचली, आणि त्यांच्या मेंदूच्या कार्यात फारशी सुधारणा झाली नाही. दात्याच्या पेशी विकर पुरवतात, पुढची झीज रोखतात. झालेली हानी भरून काढत नाहीत. लवकर उपचार झालेल्या बाळांपैकीही अनेकांची हालचाल आणि बोलणे पुढे मागे पडले.

स्वतःचेच नाळरक्त देऊन मेंदू दुरुस्त करण्याची कल्पना मात्र वेगळ्याच गृहीतकावर उभी आहे. इथे जुनी मज्जा नष्ट करत नाहीत, कुठला विकरही नव्याने येत नाही. पेशींतून स्रवणारी द्रव्ये दाह शमवतील एवढीच अपेक्षा असते. ड्यूकमध्येच सेरेब्रल पाल्सीच्या 63 मुलांवर चाचणी झाली. 2017 मध्ये निष्कर्ष आला : वर्षअखेर, सरासरीने पाहता, खरे रक्त मिळालेली आणि प्लासिबो मिळालेली मुले यांच्या हालचालीतील सुधारणेत फरक नव्हता. जास्त पेशी मिळालेल्या मुलांत सुधारणा अधिक दिसली. ही पुढच्या चाचणीसाठी खूण आहे, जाहिरातीसाठी पुरावा नव्हे. स्वमग्नतेवरील 180 मुलांच्या चाचणीतही 2020 मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही. हे नकारार्थी निकाल त्याच संशोधकांनी स्वतःहून छापले, याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

आपल्याकडे खासगी नाळरक्तपेढ्या गर्भारपणातच दारात येतात. त्यांच्या माहितीपत्रकात सहसा नसलेली गोष्ट अशी की बाळाला आनुवंशिक रक्तदोष असेल, तर तोच दोष त्याच्या नाळेतील पेशींतही असतो. थॅलेसेमियाच्या मुलाला स्वतःचे साठवलेले रक्त जसेच्या तसे देऊन उपयोग नाही. निरोगी भावंडाचे, ऊतिजुळणी असलेले रक्त उपयोगी पडते. घरात असा रुग्ण आधीच असेल, तर पुढच्या बाळाचे नाळरक्त जरूर साठवावे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तघटक निर्मितीच्या ठरावीक विकारांखेरीज मूलपेशींचा प्रत्येक वापर प्रायोगिक आहे. तो मंजूर चाचणीतच करता येतो आणि सहभागी रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणून सेरेब्रल पाल्सी वा स्वमग्नतेसाठी कोणी लाखांचे पॅकेज सांगितले, तर पालकांनी आधी चाचणीचा सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया) नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीची मंजुरी मागावी, आणि पैसे मुळीच देऊ नयेत.