गोधडी : महाड-पोलादपूर परिसराच्या सामाजिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुके. या परिसराचा इतिहास म्हटला की किल्ले रायगड, तानाजी मालुसरे यांचे उमरठ, गांधारपाले येथील बौद्ध लेणी आणि १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह ही स्थळे व घटना समोर येतात. त्यांच्याविषयी लिखित साधने आहेत. परंतु याच भूमीतील ज्या स्त्रियांनी शेती, गुरे आणि संसार सांभाळला, त्यांच्या हातचे लेखन जवळजवळ नाही. त्यांच्या हातची एक गोष्ट मात्र घरोघर होती, ती म्हणजे गोधडी. इतिहासाचे साधन म्हणून गोधडीकडे पाहता येते काय, तिच्यामागील प्रेरणा कोणत्या आणि त्या सर्व घरांत सारख्याच होत्या काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गोधडीचे स्वरूप

जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने शिवले की गोधडी तयार होते. दक्षिण महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात, कर्नाटकात कौदी, तर बंगालमध्ये कांथा. संस्कृतातील 'कंथा' म्हणजे चिंध्यांचे वस्त्र. साधुबैराग्यांचे हे वस्त्र विरक्तीची खूण मानले गेले. चिंध्यांचा वेष अंगावर वागवणाऱ्या गाडगेबाबांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत, ते याच परंपरेला धरून. संन्याशाने स्वेच्छेने स्वीकारलेले हे वस्त्र कष्टकरी घरात मात्र गरजेपोटी आले.

गोधडीचा मुख्य आधार नऊवारी लुगडे. नऊ वार लुगड्याचे सुमारे दोन मीटर लांबीचे चार तुकडे होतात. दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की एक बाजू होते, उरलेल्या दोहोंची दुसरी. म्हणजे एकाच लुगड्यात गोधडीचे दोन्ही पदर निघतात. मध्ये धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे, पोरांच्या अंगड्याटोपड्यांचे तुकडे पसरले जातात. कडेने सुरुवात करून टाके चौकोनात फिरत मध्याकडे येतात. त्यामुळे थर सरकत नाहीत आणि आतले कापड गोळा होत नाही. पुढे गोधडी विरली की ती टाकून न देता तिच्यावरच नवा पदर चढवला जातो. अशा रीतीने जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते.

या कामाचा काळ कोकणच्या ऋतुचक्राने ठरवला. येथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, जमीन गार पडते आणि अंथरूण वाळत नाही. म्हणून लाकूडफाटा, सुकी मासळी, पापड-मिरची यांच्याबरोबर गोधड्या शिवणे हाही आगोटीच्या तयारीचा भाग होता. भात झोडून झाल्यानंतर आणि पेरणीच्या आधी मिळणाऱ्या उसंतीत हे काम उरकावे लागे. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. ते अंथरूण तयार करणाऱ्या हातांची दखल मात्र क्वचितच घेतली गेली.

कापडाच्या थरांतील काळ

गोधडी विकण्यासाठी शिवली जात नसे. त्यामुळे जकात, बाजारपेठ वा व्यापार यांच्या नोंदींतून तिचा माग लागणे कठीण. परंतु ज्या कापडातून ती घडली, त्या कापडाला इतिहास आहे. मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली. पुढील काळात कोकणातील पुरुष मोठ्या संख्येने गिरण्यांत कामाला गेले. महाड-पोलादपूरचा चाकरमानी गिरणगावात गावकीच्या खोलीत राहिला. तेथे त्याच्या वाट्याला वळकटी पसरण्याएवढी जागा येई. गावाकडून नेलेले अंथरूण मुंबईत वापरले गेले आणि मुंबईच्या गिरणीचे कापड जुने होऊन गावातील गोधडीत शिवले गेले. स्थलांतराचा हा दुहेरी प्रवास एकाच वस्तूत एकत्र येतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ पासून सरकारने कापडावर नियंत्रण आणले. नवे कापड दुर्मीळ असताना जुन्याचे मोल वाढणे स्वाभाविक होते. १९६० नंतर टेरिलीन, नायलॉन यांसारखे कृत्रिम धाग्याचे कापड खेड्यांपर्यंत पोहोचू लागले. ते लवकर वाळते, पण सुती कापडासारखे मऊ पडत नाही, घाम शोषत नाही आणि टाक्याखालून निसटते. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावाची घडी विस्कटली आणि अनेकांना गावाची वाट धरावी लागली. एखाद्या गोधडीत खाली सुती लुगडे, त्यावर गिरणीचे धोतर आणि सर्वांत वर पॉलिएस्टरची पाचवारी साडी असेल, तर कापडाच्या प्रकारांवरून तिच्या थरांचा काळ स्थूलमानाने ठरवता येतो. पुरातत्त्वज्ञ मातीच्या थरांचा क्रम लावतो, त्याच रीतीने हा क्रम लावता येईल. मात्र कापड घरात आल्यापासून गोधडीत जाईपर्यंत कित्येक वर्षे गेलेली असतात, हे येथे विसरता येत नाही.

प्रेरणा : ऊब, आठवण आणि अवहेलना

गोधडीमागील पहिली प्रेरणा गरज हीच होय. दुसरी नात्याची. नवजात बाळाला नव्या कोऱ्या कापडापेक्षा आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे बरे, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. गेलेल्या माणसाचे वस्त्र गोधडीत घालून त्याची ऊब जवळ ठेवणे, हीही तिचीच एक बाजू. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज् बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मिसूरी पेटवे या स्त्रीने १९४२ मध्ये दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. २००२ पासून त्या वस्तीतील गोधड्या अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. मिसूरी यांच्या गोधडीमागील हेतू आज ज्ञात आहे, कारण त्यांच्या मुलीने तो सांगितला आणि कोणीतरी तो नोंदवून ठेवला.

तथापि जुन्या कापडाचा अर्थ सर्व घरांत एकच होता असे मानणे चुकीचे ठरेल. महाडच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जातिव्यवस्थेने अस्पृश्य मानलेल्या समाजावर इतरांची उतरलेली वस्त्रे, इतकेच नव्हे तर प्रेतावरचे कापडही 'हक्क' म्हणून लादले होते. एका घरात जुने कापड म्हणजे आजीची आठवण होती, तर दुसऱ्या घरात तेच कापड गावाने ठरवलेल्या पायरीची रोजची जाणीव करून देत होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. त्यात त्यांनी अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि जडशीळ दागिने सोडण्याचे व स्वच्छतेचे आवाहन केले. जमलेल्या स्त्रियांनी त्याला तत्काळ प्रतिसाद दिला. वस्त्र हा येथे स्वाभिमानाचा प्रश्न झाला. मागून आणलेल्या कापडाची गोधडी आणि स्वकष्टाच्या लुगड्याची गोधडी दिसायला सारखी असली, तरी शिवणारीच्या मनात त्या सारख्या नव्हत्या. 'मायेची ऊब' या एकाच शब्दप्रयोगात गोधडीचे वर्णन आटोपणाऱ्या लेखनातून हा भेद निसटतो.

साधनांचा ऱ्हास

गोधडी हे टिकाऊ साधन नव्हे. ती वापरानेच झिजते. त्यात या परिसरावर आलेल्या आपत्तींची भर पडली. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील वाडी दरडीखाली गाडली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या, तर महाड शहर सावित्री व गांधारी नद्यांच्या पुरात बुडाले. अशा वेळी माणसांच्या जीवितापुढे गोधडीचा विचार कोणाला सुचणार? पण पेटीतील कागदपत्रे वाहून गेली तर त्यांची दुसरी प्रत सरकारी दप्तरात सापडू शकते. चिखलात गेलेल्या गोधडीची दुसरी प्रत कोठेही नसते. मदतीत मिळणारे यंत्रावरचे ब्लँकेट ऊब देते, त्या घराचा भूतकाळ देऊ शकत नाही.

निष्कर्ष

गोधडी हा महाड-पोलादपूरच्या स्त्रियांनी स्वतःच्या हाताने घडवलेला पुरावा आहे. स्थलांतर, गिरणी, टंचाई, जात आणि आपत्ती या सर्वांच्या खुणा तिच्या थरांत सापडू शकतात. मात्र कापड कोठून आले हे गोधडी पाहून सांगता येईल, ते कोणाच्या अंगावरचे होते आणि का जपले हे शिवणारीच सांगू शकेल. म्हणून गोधडी केवळ संग्रहालयात ठेवून भागणार नाही. तिच्या छायाचित्राबरोबर तिच्या मालकिणीचे निवेदनही नोंदवले पाहिजे. हे काम स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना अल्प खर्चात करता येण्याजोगे आहे. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या घरातील गोधडी हाच त्याचा आरंभ ठरू शकतो. नऊवारी नेसणारी आणि हाताने गोधडी शिवणारी पिढी आज वृद्धापकाळी आहे. तिच्या पश्चात गोधड्या कदाचित उरतील, पण त्यांचा अर्थ सांगणारे कोणी उरणार नाही.