अरण्यवास, बौद्ध (चंद्रपूर परिसर)

ध्यानासाठी वस्तीपासून दूर, वनात केलेला निवास. थेरवादातील तेरा धुतांगांपैकी (भिक्खूंच्या ऐच्छिक तपोव्रतांपैकी) आरण्यिकांग हे एक असून, बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात गावापासूनचे किमान अंतर 500 धनुष्ये दिले आहे. म्हणजे एकांत हवा, पण भिक्षेसाठी गाव चालण्याच्या टप्प्यात हवे. पावसाळ्यात भिक्खू आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एकाच जागी वर्षावास करतात.

भद्रावतीची विजासन लेणी हा या परिसरातील ठळक पुरावा. टेकडीत सरळ सुमारे 71 फूट आत जाणाऱ्या दालनाच्या टोकाला बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आहे. काटकोनात फुटलेल्या दोन उपदालनांतही गाभारे आहेत. मोठ्या चैत्यगृहाचा थाट येथे नाही, आणि ध्यानाला तो लागतही नाही.

16 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिल्यानंतर बौद्ध परंपरेला येथे नवे अनुयायी मिळाले. चिमूर तालुक्यात रामदेगीजवळचे संघारामगिरी हे ताडोबालगतचे वनस्थळ त्यांच्यात विशेष परिचित आहे. गोंडपिपरीपासून चिमूरपर्यंतचे साग-बांबूचे रान मात्र वाघ-बिबट्यांचेही आहे. मोहफूल व तेंदूपाने वेचताना हल्ले होतात, म्हणून पहाटे किंवा सांजवेळी एकट्याने झाडाखाली ध्यानाला बसू नये. साधना विहाराच्या आवारातच करावी.