पाटीवरचं अक्षर कुणाचं?

२०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, हेही ठरलं. चांगलंच झालं. पण कायदा अक्षराचा आकार मोजतो, वळण नाही. माझं म्हणणं वळणाबद्दल आहे.

छापील मराठी अक्षर हातातूनच आलंय. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या शिशाच्या टायपात बोरूची जाड-बारीक रेघ स्पष्ट दिसते.

रस्त्यावरचं अक्षरही असंच टायपात गेलंय. मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या पाहून कॅथरीन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ हा देवनागरी फॉन्ट केला. रेघ संपते तिथे ब्रशचा तिरका काप तसाच ठेवलाय. हा फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतो. ज्या पेंटरांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांचा हात आज कॉम्प्युटरवर आहे!

आता आपल्याकडे या. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को, बजाज. कारखान्यांमागून वर्कशॉप, टपऱ्या, ट्रक आले आणि सगळ्यांना पेंटर लागायचा. खडूची भुकटी लावलेला दोरा ताणून झटकायचा, रेघ उमटली की शिरोरेखा ओढायची. नाव पत्र्यावर मावत नसेल तर कुठे अक्षर आवळायचं, कुठे वेलांटी लांबवायची, हे त्याची नजर ठरवायची.

मग फ्लेक्स आला. स्वस्त, तासाभरात तयार. दुकानदाराला दोष देत नाही. पण कॉम्प्युटरवर हाताशी येईल तोच फॉन्ट, तोही आडवा ताणलेला. मराठीतला पाकळीचा ल जाऊन हिंदी वळणाचा दांड्याचा ल आला. जोडाक्षरांचे पाय मोडले. पाटी मराठी झाली, अक्षर परकं राहिलं.

चिंचवडगावात आणि स्टेशनकडच्या जुन्या गाळ्यांवर काही रंगवलेल्या पाट्या मला अजून दिसतात. गाळ्याचं काम निघालं की त्या भंगारात जातात. महापालिकेने त्यांची नोंद करावी: फोटो, जागा आणि कोपऱ्यातली पेंटरची सही. तोवर आपण निदान फोटो तरी काढून ठेवू. उद्या कुणी या कामगारनगरीचा फॉन्ट करायला बसलं, तर त्याच्यासमोर ठेवायला अक्षर तरी उरलेलं हवं.