एच-१बी व्हिसा

एच-१बी व्हिसा हा अमेरिकेत विशेष ज्ञानाची गरज असलेल्या पदांवर परदेशी व्यावसायिकांना ठरावीक काळ नोकरी करता यावी यासाठी असलेला व्हिसा आहे. यासाठीचा मूळ अर्ज कर्मचारी स्वतः करत नाही. तो नोकरी देणाऱ्या संस्थेने, म्हणजे नियोक्त्याने, करावयाचा असतो. मंजूर अर्जांत भारतीयांचे प्रमाण सर्वाधिक असते.

इतिहास

१९९० च्या स्थलांतर कायद्याने या व्हिसाला सध्याचे स्वरूप मिळाले व वर्षाला ६५,००० ही मर्यादा ठरली. २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत ती १,९५,००० होती. त्यानंतर ती पूर्ववत झाली. २००४ च्या कायद्याने अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २०,००० जागांची भर पडली. विद्यापीठांतील पदांना ही मर्यादा लागू नाही.

पात्रता व प्रक्रिया

पदासाठी संबंधित विषयातील किमान पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता आवश्यक असते. मर्यादेत येणाऱ्या पदांसाठी नियोक्ता प्रथम इलेक्ट्रॉनिक नोंदणी करतो. नोंदण्या जागांपेक्षा अधिक झाल्यास त्यांतून निवड केली जाते. निवडीनंतर सविस्तर अर्ज नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे जातो. त्यासोबत श्रम विभागाने प्रमाणित केलेले निवेदन जोडावे लागते. संस्थेतील समकक्ष कर्मचाऱ्यांचे वेतन व त्या भागातील प्रचलित वेतन यांपैकी जे अधिक असेल ते देण्याची हमी त्यात असते.

मुदत व नोकरीशी संबंध

प्रारंभीची मुदत कमाल ३ वर्षे व एकूण मुदत सामान्यतः ६ वर्षे असते. नव्या नियोक्त्याने अर्ज दाखल केल्यास नोकरी बदलता येते. नोकरी गेल्यास मात्र कमाल ६० दिवसांत नवा नियोक्ता शोधणे, अन्य व्हिसावर्गासाठी अर्ज करणे किंवा देश सोडणे भाग पडते.

या व्हिसावर असताना कायम वास्तव्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी, अर्ज करता येतो. परंतु त्यात सामान्यतः एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नसल्याने भारतीयांची प्रतीक्षा अनेक वर्षे लांबते. त्या काळात व्हिसाची मुदत ६ वर्षांपुढे वाढवता येते. जोडीदार व २१ वर्षांखालील मुलांना एच-४ व्हिसा मिळतो. प्रतीक्षेच्या काळात मूल २१ वर्षांचे झाल्यास त्याचा हा आधार संपतो.

टीका

कमी वेतनावर परदेशी कर्मचारी नेमून स्थानिकांना डावलले जाते, असा एक आक्षेप आहे. वास्तव्य नोकरीवर अवलंबून असल्याने कर्मचाऱ्याला अन्यायाविरुद्ध बोलणे कठीण जाते, असा दुसरा आक्षेप आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलर शुल्क जाहीर केले. त्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले.